माळ उतरेपर्यंत

माझी माय काविळीची माळ बांधायची. कोणाचे डोळे पिवळे दिसले की लोक आधी आमच्या अंगणात येऊन उभे राहत. आधी मायला दाखवायचं, मग देवाला, अन् फारच झालं तर भंडाऱ्याच्या डॉक्टरला. हा क्रम मोडायची कोणाची टाप नव्हती.

आमचं गाव वैनगंगेच्या पल्याड. भंडाऱ्याला जायचं तर डोंग्यात बसून नदी ओलांडायची. मी पुढे मास्तरीण झाले, शहापूरच्या शाळेत लागले, तिथेच संसार केला. पोरांची भाषा सुधारता सुधारता माझीही धुतल्यासारखी झाली. रागावले की मात्र ती पुन्हा गावची होते, अन् मला राग लवकर येतो. नाकावरच असतो म्हणा ना.

तर माळ. ही फुलांची माळ नव्हे. नदीकाठच्या एका झाडाच्या काड्या माय तोडून आणायची. कोणतं झाड ते तिने आम्हा लेकींनाही कधी सांगितलं नाही, सांगितलं तर गुण जातो म्हणे. त्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे अन् पांढऱ्या सुती दोऱ्यात एकेक तुकडा गाठीने बांधत जायचा. झाली की माळ चुंबळीएवढी दिसायची, अगदी डोक्यावर बसेल अशी. ती रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती कपाळावर येई, मग गळ्यात, मग छातीवर. रोज थोडी थोडी वाढायची. अंगातली कावीळ माळेत उतरते, म्हणून माळ वाढते, असं माय सांगायची. वाढत वाढत ती कमरेखाली गेली, पायांतून निघाली की रोगी बरा. मग माळ नदीत सोडून द्यायची.

तोवर पथ्य. तेल नाही, हळद नाही, पांढरा भात अन् ताक. आणि सगळ्यांत मोठं पथ्य म्हणजे माळ अंगावर असेपर्यंत वाहतं पाणी ओलांडायचं नाही. ओलांडलं तर कावीळ उलटते, अन् उलटलेली कावीळ माणूस घेऊनच जाते.

आता तुम्हीच पाहा, गाव नदीच्या पल्याड अन् दवाखाना अल्याड. म्हणजे हे पथ्य पाळायचं तर दवाखाना बंदच. हे मी मायला किती वेळा सांगितलं असेल! ती सुपातले तांदूळ पाखडत ऐकायची, अन् माझं बोलून झालं की म्हणायची, ‘मंग तू कायनं वाचली वं? दुसरीत होती तू. हळदीवानी पिवळी झाली होती. मीच बांधली होती ना माळ?’

हा तिचा हुकमाचा एक्का. मी जिवंत समोर बसलेली. बहुतेक काविळी आपोआपच बऱ्या होतात, असं मी म्हणायची. ती म्हणायची, ‘आपोआप तं भातही शिजत नाई.’

नोकरी लागल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी तिची एक माळ घेतली अन् माजघरातल्या खुंटीला टांगून ठेवली. काडी वाळली की आकसते, गाठ सैल पडते, अन् प्रत्येक गाठीतून थोडा थोडा दोरा सुटत जातो. इतकी साधी गोष्ट. खुंटीवरची माळही रोज वाढायला लागली. पार अर्ध्या भिंतीपर्यंत लोंबली तेव्हा मी मायला हाताला धरून आणलं.

‘पाय, माय. तुया खुंटीले कावीळ झाली होती. बरी झाली बिचारी.’

मायने माळेकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘झाली असन,’ ती म्हणाली. ‘रोज तुये कपडे टांगतं तिच्यावर. तुया अंगातलं पित्त कोठी जाईन?’

ओसरीवर बाबा बिडी ओढत बसले होते. हसता हसता त्यांना ठसका लागला. पण माय हसली नव्हती. सुट्टी संपेपर्यंत ती माझ्याशी मोजकंच बोलली. निघताना पिशवीत तांदूळ बांधून दिले, लाखोळीची डाळ दिली, सगळं दिलं, पण नेहमीसारखी घाटापर्यंत आली नाही. मी चूक नव्हते. आजही म्हणते, चूक नव्हते. पण त्या खुंटीचा उपयोग काय झाला? गावात माळा चालूच राहिल्या, अन् माय माझ्यासमोर माळ बांधेनाशी झाली. मी आले की सुती दोऱ्याची गुंडी उतरंडीमागे जायची.

हे झालं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

ही बहीण माझ्याच कडेवर वाढलेली. वरठीला दिली होती, नवरा रेल्वेत. स्वभावाने माझ्या उलट, कोणाला ‘नाही’ म्हणणं तिला माहीत नव्हतं. सासूने ढीगभर काम दिलं तरी हो, अन् मायने माळ दिली तरी हो. दिवाळीला थोडेच दिवस राहिले होते, तेव्हा गावचा एक माणूस शहापूरच्या बाजाराला आला अन् शाळेच्या दारात उभा राहून मला सांगून गेला, ‘बाई, तुमच्या बहिणीले कावीळ झाली. पण कायजी नोको, मायनं माळ बांधली हाय.’

कायजी नोको! पोटुशी बाईची कावीळ वाईट असते, एवढं मला माहीत होतं. आमच्या शाळेशेजारचीच एक लेकुरवाळी तशी गेलेली मी पाहिली होती. मी हातातला खडू तिथेच ठेवला अन् मुख्याध्यापकांना सांगून दुसऱ्या दिवसाची रजा घेतली. सकाळची पहिली एसटी धरून भंडारा, तिथून घाटावर चालत, अन् मग डोंगा. पावसाळा सरला होता तरी नदी दोन्ही काठ धरून वाहत होती. पल्याडच्या बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांत, हलके धान कापणीला आले होते. दुसऱ्या एखाद्या वेळी मी तिथे उभी राहून तो वास घेतला असता.

बहीण ओसरीवर खाटेवर पडली होती. डोळे ओल्या हळदीच्या कापासारखे. मी जवळ बसले, तशी तिने ओळखून माझा हात धरला.

‘ताई, शाळा सुटली का?’

सकाळचे नऊही वाजले नसतील. मी म्हटलं, ‘आज रजा घेतली.’

‘हो का,’ ती म्हणाली. डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले, अन् पुन्हा म्हणाली, ‘ताई, शाळा सुटली का?’

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. ते म्हणाले, कालपासून असंच करून राहिली, जेवत नाही, नुसती झोपते, अन् उठली की एकच एक विचारते.

माय चुलीपाशी होती. मी तिथे गेले अन् माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. ‘माय, तुले दिसत नाई का? पोरीचं डोस्कं भरमून राहिलं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्याची हाय. तुयी माळ गेली चुलीत!’

‘माळ उतरू दे,’ माय म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. ‘आंगावर माळ असून पाणी ओलांडलं तं उलटन. मंग दवाखानाबी काय करन?’

‘काई उलटत नाई!’

‘तुले काय माहीत?’

‘मले काय माहीत? मी शिकलेली हाय, माय!’

‘मी बांधलेली हाय,’ माय म्हणाली.

मी दाणदाण पाय आपटत पुन्हा ओसरीवर आले. स्वतःच पोरीला उचलून न्यावं, मग गाव काय म्हणायचं ते म्हणो, असं मनात होतं. अंगावरची गोधडी बाजूला केली, अन् तिथे माळ दिसली.

आठव्या महिन्याचं पोट. माळ डोक्यावरून, गळ्यातून, छातीवरून नीट उतरली होती अन् पोटाच्या चढावर येऊन अडकली होती. कमरेखाली जायचं तर आधी हे पोट ओलांडायला हवं, अन् तेवढी माळ वाढलीच नव्हती. सगळ्या काड्या वाळून खडंग झालेल्या. आता आणखी वाढणार तरी कशाने?

मग मला ते दिसलं. माळेचा दोरा घामाने मळून पिवळट झाला होता. पण पाठीकडच्या बाजूला, खाटेत दबलेला, हातभर दोरा पांढराशुभ्र होता. कोरा. त्यात एकही काडी नव्हती. जुना दोरा तोडून मध्ये नवा जोडला होता, अन् दोन्ही टोकांना मायची ती बारीक गाठ होती. अशी गाठ आमच्याकडे दुसऱ्या कोणाची बसत नाही.

मायने माळेत दोरा घातला होता. माळ पोटावरून उतरावी म्हणून. तरीही ती अडकलीच होती.

मी मान वर केली. माय माजघराच्या दारात उभी होती. मी काय पाहिलं ते तिने पाहिलं.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी पहिला विचार मनात आला तो चांगला नव्हता. इतक्या वर्षांचं भांडण माझ्या हातात आलं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? ‘मंग माया खुंटीनं काय घोडं मारलं होतं?’ हे वाक्य अगदी जिभेच्या टोकावर येऊन बसलं. एवढं बोलले असते तर माय जन्मात पुन्हा मान वर करू शकली नसती.

पण मी तिच्याकडे पाहिलं. केस विंचरलेले नव्हते. लुगड्याचा काष्टा कसाही खोचलेला. अन् दाराची चौकट तिने अशी धरली होती की सोडली तर पडेल. ही बाई मला हरवायला उभी नव्हती. ही घाबरलेली होती, माझ्याहून जास्त. माझ्याकडे निदान दवाखाना होता. तिच्याकडे एक माळ होती, अन् ती अडकून बसली होती.

राग ओसरला नाही. तो मी गिळला. फार कडू लागला.

मी गोधडी पुन्हा नीट घातली, तो पांढरा दोरा झाकला, अन् मायला म्हटलं, ‘ये, बस इथं.’

ती येऊन खाटेच्या पायाशी टेकली.

‘माय, तुयी माळ बराबर उतरून राहिली होती,’ मी म्हटलं. ‘लेकरू आडवं आलं तिच्या. माळेचा काही दोष नाई. पण आता रस्ताच नाई तं ती उतरन कशी? तुया सासूनं तुले शिकवली ना? मंग पोटुशी बाईले कसं करावं, ते काई सांगितलं होतं का तिनं?’

 माय खाटेची सुंभाची दोरी बोटाने ओढत राहिली.

‘पोटुशीले बांधू नये म्हणत होती,’ ती शेवटी म्हणाली.

बाबांनीही मान वर केली. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

‘मंग?’

‘मी एकडाव बांधली होती. वरच्या आळीतल्या सुनेले. तुमी दोघी तवा लहान होत्या. तिचे घरचे पाया पडत होते, म्हून बांधली.’ मायने बहिणीच्या पोटाकडे पाहिलं. ‘तिचीबी अशीच अडकली होती. अन् ती अशीच दिवसा झोपत होती.’

पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. वरच्या आळीतल्या त्या घराच्या दारावरून माय कधी जात नसे, नदीवर जायलाही लांबच्या वाटेने जायची. आम्ही समजत होतो, काही जुनं भांडण असेल.

‘ही माही पोरगी हाय,’ माय म्हणाली. ‘हिले कशी ना बांधू? दुसरं मले येते काय?’ अन् ती रडायला लागली. मी तिला रडताना पाहिलेलं नव्हतं. कसं थोपटावं हेही मला समजेना, मी आपली पाठीवरून हात फिरवत राहिले, वर्गातल्या पोराच्या फिरवावा तसा.

मी हळूच म्हटलं, ‘मग आपण दोघी मिळून नेऊ. तू सोबत चाल. तू नसशील तं मी तरी काय करू?’

माय उठली. डोळे पुसले, लुगडं नीट खोचलं. म्हणाली, ‘चाल.’

बाबांनी शेजारच्या दोघांना हाक मारली अन् खाटेसकट बहिणीला घाटावर आणलं. डोंगा काठाला लागलेलाच होता. खाट उचलून आत ठेवायची, तर माय म्हणाली, ‘थांबा.’ ती वाकली, बहिणीची मान उचलून अलगद माळ काढली, जुन्या दोऱ्यासकट अन् नव्यासकट. मला वाटलं आता नदीत टाकेल. तिने ती स्वतःच्या गळ्यात घातली.

डोंगा हाकणारा म्हातारा मायचा ओळखीचाच होता. त्याच्या पोराची कावीळ मायनेच उतरवली होती. तो वल्हं धरून तसाच उभा राहिला. ‘बाई, माळ घालून पाण्यात बसता? तुमीच तं सांगत असता...’

‘सांगत असतो,’ माय म्हणाली. ‘उलटली तं आता मायावर उलटन. पोरीवर नाई. तू वल्हं मार.’

 माझ्यासाठी ती नदी म्हणजे रोजचं पाणी, पोहलेलं, धुणं धुतलेलं. मायसाठी तसं नव्हतं. तिने जे आयुष्यभर खरं मानलं, त्या हिशेबाने ती त्या डोंग्यात मरायला बसली होती. अन् तरी बसली. पूर्ण नदीभर तिने एका हाताने खाटेचा खूर धरून ठेवला होता, अन् दुसऱ्या हाताने ती माळ छातीशी. पाण्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी तिला इतकी वर्षं अडाणी म्हणत आले होते, अन् तिच्याइतकी हिंमत मी माझ्या शिकलेल्या जन्मात कोणात पाहिली नाही. मला तिची फार माया आली त्या वेळी, अन् बहिणीची काळजीही वाटत होती, दोन्ही एकदमच.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. बहिणीला तपासलं, पोटावर नळी लावून बराच वेळ ऐकलं, अन् मला बाजूला घेऊन सांगितलं की लेकरू पोटातच गेलंय, दोन-तीन दिवस तरी झाले असतील. आता आईला वाचवायला पाहू. सलाईन लागलं, सुया झाल्या. मग त्याचं लक्ष मायच्या गळ्याकडे गेलं. तो आता काही बोलणार असं वाटून मी पुढे झाले. पण तो मायला म्हणाला, ‘माय, तुमचे डोळे बघू,’ अन् पापणी खाली ओढून पाहिली. ‘तुम्हाला कावीळ नाही.’

‘अजून नाई,’ माय म्हणाली.

बहिणीला कळा आणून मोकळं करावं लागलं. मुलगी होती. मायने तिला फडक्यात गुंडाळून आपल्या हाताने बाबांकडे दिलं. मग ती व्हरांड्यात येऊन बसली, अन् तिथून हलली नाही.

त्या दिवसांत रोज सकाळी माय मला उजेडात ओढून न्यायची अन् स्वतःच पापणी खाली ओढायची. ‘पाय, पिवळे झाले का?’

‘पांढरे आहेत, माय.’

‘नीट पाय.’

‘पांढरेशुभ्र आहेत. बगळ्यावानी.’

तिला ते पटत नसे. ती बसून विचार करायची, उलटली नाही तर गेली कुठे? मग एका सकाळी, बहिणीने पहिल्यांदा भाताची पेज मागून घेतली, अन् ‘ताई, तुयी शाळा कोण पाहून राहिलं?’ असं शहाण्यासारखं विचारलं, त्या सकाळी, माय व्हरांड्यात माझ्याजवळ आली. मला वाटलं आनंदाने आली. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

‘खरं सांगजो. मी पाणी ओलांडलं म्हून लेकरू गेलं, का मी माळ घालून ठेवली म्हून गेलं?’

घ्या. या दोन्हींतून एक निवड, मास्तरीण. शाळेत मी पोरांना सांगायची, खरं असेल ते बोलावं. कोणत्या आवाजात बोलावं हे काही पुस्तकात नव्हतं.

‘पाण्यानं नाई गेलं, माय,’ मी म्हटलं. ‘डॉक्टरनं तपासलं तेव्हाच ते गेलेलं होतं. नदीच्या आधीच. तू पाणी ओलांडलं म्हून ही आपली पोरगी तरी राहिली. दुसऱ्या कोणानं नाई आणलं हिले. तू आणली.’

मायने ते ऐकून घेतलं. ‘नदीच्या आधीच,’ ती म्हणाली. ‘मंजे उशीर झाला.’

 मी तिच्याशेजारी टेकले. माझं मनगट तिने सोडलं नव्हतं, मीही सोडवलं नाही. आत बहीण पेज पीत होती, तिच्या वाटीत चमचा वाजत होता, तो आम्ही दोघी ऐकत होतो.

बहिणीला घेऊन आम्ही परतलो तेव्हा माय डोंग्यात मध्यावर आली अन् गळ्यातली माळ काढली. गाठी सोडवून तो नवा पांढरा दोरा तेवढा वेगळा केला, बोटाला गुंडाळून कनवटीला लावला, अन् बाकीची माळ नदीत सोडली. म्हाताऱ्या नावाड्याने वल्हं थांबवून हात जोडले. गावात तर काय, उलटंच झालं. मायने कावीळ स्वतःच्या गळ्यात घेतली अन् पचवली, अशी बातमी आमच्या आधी पोचली होती. पोरगी माळेनेच वाचली, असं जो तो सांगायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, झालं, आता तर दुप्पट लोक येतील.

आलेच. मी अजून गावातच होते, तोवर एक माणूस बायकोला घेऊन अंगणात उभा राहिला. बाईचे डोळे पिवळे. माय बाहेर आली, डोळे पाहिले, जीभ पाहिली.

‘बांधतो माळ,’ ती म्हणाली. ‘पण आता मायी माळ बदलली हाय. तिले आता वाहतं पाणी लागते. आधी नदी ओलांडाची, भंडाऱ्याच्या दवाखान्यात जाची, रगत दाखवाचं, सुई देईन ते घ्याची. मंग वापस ये, मी बांधून देतो. पाणी ओलांडल्याबिगर आता माळ उतरत नाई.’

‘पयले तं तुमी म्हणत होत्या का...’

‘पयलेचं पयले,’ माय म्हणाली. ‘मी सोता ओलांडलं. माया गळ्यात होती. मले विचार.’

तो माणूस बायकोला घेऊन तसाच घाटाकडे निघाला. मी तोंडाचा आ करून पाहत होते. माय माझ्याकडे वळली. ‘तू तोंड बंद ठेव,’ म्हणाली. अन् उतरंडीमागून सुती दोऱ्याची गुंडी काढून माझ्यासमोर बसली, त्या खुंटीनंतर पहिल्यांदाच.

मी म्हटलं, ‘माय, सरळ सांग ना, माळेनं काही होत नाई म्हणून.’

‘अन् मंग? ते दुसरीकडं जाईन बांधाले. दुसरीवाली नदी ओलांडू देईन का?’

 काडी दोऱ्यात घालून तिने गाठ मारली. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं, राहवलंच नाही, ‘पण तुया स्वतःचा विश्वास हाय का नाई अजून?’

‘तुयी खुंटी बरी झाली होती ना?’ माय म्हणाली, अन् या वेळी हसली.

तिने पोटुशीला त्यानंतर कधी माळ बांधली नाही. अशा बाईला घेऊन ती स्वतः नदी ओलांडायची, माळ आपल्या गळ्यात घालून. शेवटी शेवटी डोंग्यात चढताना तिला दोघांनी धरावं लागे. ती गेली तेव्हा माळ बांधायला तिच्या हाताखाली शिकलेली गावातलीच एक बाई होती.

मग एकदा, ऐंशीच्या दशकात, मी भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर शहापूरची गाडी धरायला उभी होते. शेजारी बाकड्यावर एक बाई आपल्या सुनेला घेऊन बसलेली, गावाकडची, पायाला नदीची वाळू. सून पोटुशी. तिने मान वर केली अन् मला तिचे डोळे दिसले.

मी काही विचारायच्या आधी सासूच बोलायला लागली. ‘इले कावीळ झाली, बाई. आमच्या इकडं एक बाई माळ बांधते. पण ती म्हणते, आधी नदी ओलांडून दवाखान्यात जाऊन या, नाई तं माळ उतरतच नाई. पयले एक म्हातारी होती म्हणे, तिचा हा नेम हाय.’ तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात सातवीच्या विज्ञानाच्या वह्या होत्या, त्यामुळे तिला वाटलं असेल, ही शिकलेली आहे. ‘तुमी सांगा, बाई. खरं असन का हे?’

मी वह्या पिशवीत टाकल्या.

‘खरं हाय,’ मी म्हटलं. ‘बिलकुल उतरत नाई. माया डोयांसमोरची गोष्ट हाय.’

अन् माझी गाडी लागली होती, ती सोडून त्या दोघींना घेऊन दवाखान्याकडे निघाले.